मालकाचं नाव

“दारी आली भागीरथा, नको लोटू दार बाई,
मागायाला आली नाई, बसू दे गं घडीभर…”

हा आवाज नागनाथरावांनी पहिल्यांदा ऐकला तेव्हा भाड्याच्या सात खोल्यांपैकी तीनच उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांच्या भिंतींनाही अजून गिलावा लागायचा होता. महिन्याची पहिली तारीख होती. ते तहसिलीत जायला निघालेले, एक पाय चपलेत, एक बाहेर. आणि त्यांची बायको हातात पितळेचा रिकामा तांब्या घेऊन बिऱ्हाडकरूच्या दारापुढं उभी राहून गात होती. त्यांना जमीन दुभंगावी असं झालं. सरकारी कारकुनाची बायको, आणि भाड्यासाठी दारोदार गाणं म्हणते!

“हे काय लावलं तू?” संध्याकाळी त्यांनी विचारलं.

“पैली तारीख हाय न.”

“मंग भाडं माग ना सरळ. गाते काऊन?”

भागीरथा भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही. “मले मागता येत नाई. माह्या मायनं पाटलाच्या दारी मागू मागू आमाले जगवलं. तो सबूद माह्या तोंडातून निंगत नाई. मंग काय करू? गाते.”

त्यानंतर ते कधी काही बोलले नाहीत. खोल्या तिनाच्या पाच झाल्या, पाचाच्या सात. आदिलाबाद गावाबाहेर, बेल्याच्या रस्त्याला, कापसाच्या गाड्यांची धूळ अंगावर घेत त्या एका ओळीत उभ्या राहिल्या. बिऱ्हाडं आली, गेली. भागीरथेचा फेरा मात्र चुकला नाही. प्रत्येक दाराची ओवी निराळी. दोन नंबरात भाजी विकणारी राहीबाई आली तेव्हा तिच्या दारी:

“राही तुह्या पाटीमंदी हिरवी मेथी हासे,
तशी हासो तुही चूल, धूर डोळा नसे…”

आणि पाच नंबरात जिनिंगच्या काट्यावरचा खुशाल, रात्री जरा डुलतच यायचा, त्याच्या दारी:

“दादा तुही सायकल घराकडं वळे,
तिले वाट ठाऊक, रे तुलेच का न कळे…”

खुशाल लाजून दार उघडायचा. पैसे तिच्या पदरात पडायचे. आणि ज्याच्याकडं त्या महिन्यात नसतील तो म्हणायचा, “आई, पाणी पिऊन जा.” एवढंच. भागीरथा तिथं टेकायची, पाणी प्यायची आणि पुढच्या दारी जायची. पाणी प्यालं, की या महिन्याचा विषय संपला. पुढच्या पहिलीला तिच्या ओवीत त्याचा मागमूस नसायचा. फेरा संपला की नळावर तांब्या भरून ती सीताफळीच्या बुडाशी ओतायची आणि घरात यायची.

करोनाच्या साली दारं बंद झाली. तेव्हा लेकीनं, मैत्रीनं, आपला जुना मोबाइल आईला दिला, बँकेचं खातं त्याला जोडलं आणि नळाच्या खांबावर चौकोनी ठिपक्याठिपक्यांचं एक स्टिकर लावलं. बिऱ्हाडकरूंनी मोबाइल समोर धरला की पडद्यावर नाव यायचं: भागीरथा नागनाथ पाझारे. वर तिचा फोटो, उन्हाकडं तोंड असल्यानं डोळे बारीक केलेला. पैसे घरबसल्या यायला लागले. दारं उघडली तरी भागीरथेचा फेरा सुरूच राहिला.

“आता कायले जाते?” नागनाथरावांनी विचारलं होतं. “पैसे त फोनमंदी येतेत.”

“पैसे येतेत,” ती म्हणाली. “मानसं थोडी येतेत फोनमंदी.”

गेल्या वैशाखात उन्हाचं निमित्त झालं आणि ती गेली.

पुण्यानुमोदनाला सगळी बिऱ्हाडं आली होती, राहीबाईनं पंगतीत वाढलं होतं. माणसं पांगली, मुलं आपापल्या गावी गेली आणि पुढची पहिली तारीख आली. नागनाथराव एकटेच ओट्यावर बसले होते. कुणाच्याही दारी आवाज नव्हता. तेवढ्यात आत फळीवर टिंग झालं. त्यांनी जाऊन पाहिलं. भागीरथेचा मोबाइल उजळला होता. खुशालचे पैसे आले होते, तिच्या नावावर. मग आणखी एक टिंग. मग आणखी. सातही दारं, एकामागून एक, जणू कुणी तांब्या घेऊन फिरत होतं.

त्या दिवसापासून तो मोबाइल त्यांनी बंद होऊ दिला नाही.

बँकेत सांगायचं राहिलं होतं. खरं तर राहिलं नव्हतं. त्यांनी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर खातं थांबलं असतं, आणि पहिलीला पडद्यावरून तिचं नाव गेलं असतं. लेकीला मात्र ते म्हणाले होते, “देऊन आलो कागद.” खात्यातल्या पैशाला त्यांनी बोट लावलं नाही. आपली पेन्शन त्यांना पुरत होती. त्यांना फक्त ती टिंग हवी होती.

आणि हे कुणी करावं? नागनाथ पाझाऱ्यांनी! तहसील कचेरीत उभा जन्म ज्यांनी दुसरं काम केलं नाही. कुणी मेलं की त्याच्या जमिनीवरचं नाव कमी करायचं, वारसाचं चढवायचं. जुन्या निजामी रिवाजानं त्या नोंदीला कचेरीत ‘फौत’ म्हणायचे. समोर रडणाऱ्या बाईला ते शांतपणे सांगायचे, “बाई, रडणं घरी. आधी फौत लिहून घ्या. उशीर केला तर पुढं लेकरांले तरास होते.” लोक म्हणायचे, पाझारेबाबू चांगला माणूस, वेळेत काम करते. कितीतरी गावांतल्या कितीतरी माणसांना त्यांनी वेळेत मारलं होतं, निळ्या शाईनं, सुवाच्य अक्षरात.

*

पौषातली सकाळ होती. आदिलाबादची थंडी हाडात शिरते. धुक्यात सीताफळीची काळी काटकुळी फांदी तेवढी दिसत होती. नागनाथराव स्वेटर, त्यावर शाल, त्यावर मफलर असे बसले होते. स्वेटरच्या आतल्या खिशात भागीरथेचा मोबाइल होता. भैंशाच्या पहिल्या बसनं मैत्री आली.

“जय भीम, बाबा. चहा घेतला का नाई?”

“जय भीम. तुह्यासाठी थांबलो.”

मैत्री भैंशाला वीजखात्यात कारकून. दर शनिवारी यायची, झाडलोट करायची, आठवड्याची भाजी निवडून ठेवायची. आज तिनं पदर खोचला नाही. पिशवी ठेवली आणि बसली.

“बाबा, माही बदली आली. करीमनगर.”

नागनाथरावांनी कप खाली ठेवला.

“मंग शनिवारी?”

“शनिवारी काई जमणार नाई. महिन्यातून एकदा, लय झालं त.” तिनं मान खाली घातली. “म्हणून आज एक काम उरकूनच जातो म्हणलं. खोल्यांचा हिसाब. मोबाइलात ॲप येतेत आता, भाड्याच्या घरासाठीच असतेत. कोण आला, कोण गेला, कोणाचं आलं, घरपट्टी कधी, सगळं तेच सांभाळते. तुमाले इथून दिसन, मले तिथून दिसन. दादालेई हैदराबादेत दिसन.”

“नागसेनले काय करायचं पाहून?”

“त्याले काई करायचं नाई. पण तो म्हणते, बाबा एकटे, डोयानं कमी दिसते, एवढा पसारा सांभाळून होत नाई. विकून टाका खोल्या आन तिकडं या. मी म्हणलं, थांब. हिसाब नीट लागला त बाबा इथंच राह्यतीन. आता तुमीच सांगा, विकायच्या का?”

नागनाथरावांनी धुक्याकडं पाहिलं. भागीरथेच्या गळ्यानं ज्या दारांना नावं दिली ती दारं विकायची म्हणजे काय, हे त्यांना कल्पनेतही उभं करता येईना. “दाखव तुहे ॲप,” ते म्हणाले.

*

तीन ॲपं तिनं निवडून आणली होती. त्यांची इंग्रजी नावं नागनाथरावांच्या जिभेवर बसेनात, म्हणून बापलेकींनी रंगावरून नावं पाडली: हिरवं, निळं, पिवळं.

हिरवं फार देखणं होतं. उघडताच एक उंच इमारत उभी राहिली, काचांची. पैसेही वर्षाचे बरेच मागत होतं. मैत्री एकेक प्रश्न वाचून सांगू लागली. इमारतीला लिफ्ट आहे का. पोहायचा तलाव आहे का. भाडेकरूला कुत्रं ठेवायची परवानगी आहे का.

“कुत्र्याले कोन परवानगी देते?” नागनाथराव म्हणाले. “ते त खुशालच्या मांगं मांगं आलं. आता त्याच्याच पायाशी झोपते.”

मैत्री हसली. “आन हे पाहा. भाडं डॉलरमंदी लिहायचं का म्हणते.”

“राहीबाईले विचार. मेथीची जुडी डॉलरमंदी देते का म्हणा.”

हिरवं गेलं. कितीतरी दिवसांनी त्या ओट्यावर दोघं हसली होती, आणि हसून झाल्यावर दोघांनाही ते चुकल्यासारखं वाटलं.

निळं फुकट होतं. मैत्रीची भिस्त त्याच्यावरच होती. भराभर तिनं खोल्या भरल्या: एक नंबर, दोन नंबर, तीन, चार, पाच. सहावी भरायला गेली तर ते अडलं. पाच खोल्यांपर्यंत फुकट, पुढं प्रत्येक खोलीचे दरमहा पैसे.

“मंग दोन खोल्या का पाडायच्या?”

“पाडायच्या कायले? हिसाबात दाखवायच्या नाई.”

“आन त्यात मानसं राह्यतेत त्याईचं काय? त्याईनं दिसायचंच नाई?”

मैत्रीनं निळं थोडं आणखी चाळलं. प्रत्येक खोलीपुढं दोनच खुणा होत्या: भाडं आलं, हिरवा टिळा, आलं नाही, तांबडा. तांबडा पडला की पाचव्या दिवशी बिऱ्हाडकरूला आपोआप संदेश जायचा, आणि दहाव्या दिवशी दंड लागायचा. ती बराच वेळ त्या तांबड्या टिळ्याकडं बघत राहिली.

“बाबा, यात पाणी नाई,” ती म्हणाली.

नागनाथरावांना कळलं. लहानपणी ती आईच्या पदराला धरून त्या फेऱ्यात फिरली होती. कुठल्या दारी आई पाणी प्याली हे तिला माहीत असायचं, आणि घरी आल्यावर ती ते बाबांना कानात सांगायची, जणू काही मोठं गुपित. दिलं आणि नाही दिलं यांच्या मधोमध तो पाण्याचा घोट होता. त्याला ना हिरवा रंग होता ना तांबडा.

“जाऊ दे निळं,” ते म्हणाले.

उरलं पिवळं. दिसायला ओबडधोबड, पण हिंदीत होतं, तेलुगूत होतं. मराठी नव्हतं, पण मालकाच्या नावाखाली आणि प्रत्येक खोलीखाली एक रिकामी ओळ होती, तिथं आपल्याला हवं ते, हव्या त्या लिपीत लिहिता येत होतं. दंड लावायचा की नाही हे आपल्या हातात. सातही खोल्या मावत होत्या. वर्षाचे पैसे एवढे की दोन पोती सिमेंट आलं असतं, फार नाही. काही अडलं तर फोनवर बोलायला माणूस.

“हे परवडते,” मैत्री म्हणाली. “पाहा, चार नंबरच्या नर्स पोरीईखाली मी लिवलं, ‘पाणी’. त्यातल्या मयूरीचा पगार दोन महिने थकला म्हणे. चालते न?”

नागनाथरावांनी चष्मा कपाळावर ढकलून मोबाइल डोळ्यांजवळ नेला. इंग्रजी आकड्यांच्या खाली, मराठीत, एकुलता एक शब्द: पाणी. त्यांनी नुसती मान हलवली.

“मंग हेच पक्कं,” मैत्री म्हणाली आणि बोट सरकवत वर गेली. “आता पैला रकाना तेवढा राह्यला. मालकाचं नाव.”

बोलता बोलता तिचं बोट थांबलं होतं. नागनाथराव उठले.

“कुठं चालले?”

“नळ सुटला असन. पाहून येतो.”

*

नळ सुटला नव्हता. खांबाजवळ राहीबाई उभी होती. बाजाराला निघायची वेळ टळून गेली तरी पाटी अजून खालीच होती, वर ओलं पोतं. तिच्या हातात चिकटपट्टीचं भेंडोळं होतं आणि ती खांबावरच्या स्टिकरच्या कडेनं पट्टी ओढत होती.

“काय करून राह्यली, राहीबाई?”

“कोन? बाबू होय?” तिनं वळून पाहिलं. “काई नाई जी. दवानं कागद सुटून राह्यला. म्हणलं पक्का करावं. आईचा कागद, उडून जाईन एखांद्या वाऱ्यानं.”

“तुले त फोन चालवता येत नाई.”

“नाई येत. मी पैसे खुशालपाशी देतो, तो धाडते.” ती दातानं पट्टी तोडत म्हणाली. “पण मी उभी राह्यतो त्याच्यापाशी. त्याच्या फोनात आई दिसते न, डोये बारीक करून. मी म्हणतो, आई, भरलं वं. खुशाल हासते मले. हासू दे.”

धुकं हळूहळू पातळ होत होतं. रस्त्यानं कापूस भरलेला एक ट्रॅक्टर घरघरत गेला आणि मागं पांढरे पुंजके काट्याकुट्यात अडकत राहिले.

“मैत्री आली दिसते,” राहीबाई म्हणाली. “काई नवीन काढून राह्यले म्हणे हिसाबाचं? आता आमी कुठं भरायचं?”

“तुमी इथंच. फक्त… नाव बदलन.”

राहीबाईचा हात स्टिकरवरच राहिला. “कोनाचं?”

“माह्यं लागन. कायदा हाय तसा.”

“कायदा असन त असन,” ती म्हणाली आणि खाली वाकून पाटीला हात घातला. “मी अडाणी बाई, मले काय समजते. पण बाबू, खरं सांगू? तिचं नाव होतं तवरोक मले घरात कोनी हाय असं वाटे. उचला जरा.”

त्यांनी पाटीला हात लावला. ती डोक्यावर घेऊन राहीबाई धुक्यात शिरली. चार पावलं गेली आणि तिथूनच, न वळता म्हणाली, “वालाच्या शेंगा ठुल्या तुमच्या ओट्यावर. पोरीले म्हणा, कोवळ्या हायत, दोऱ्या काढू नको.”

नागनाथराव खांबापाशी उभे राहिले. स्टिकरचे काळे ठिपके उन्हापावसानं करडे झाले होते. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला. इतक्या वर्षांत कुठलंही कोरं पान समोर आलं तर त्यांना आधी समास आखायची सवय होती. इथं मात्र कुठून सुरुवात करावी हेच त्यांना सुचेना. बँकेत ते दोनदा पायरीपर्यंत जाऊन आले होते. मृत्यूचा दाखला शर्टाच्या खिशात घडी करून होता. आत काउंटरवरच्या पोराला काय सांगायचं हे त्यांनी मनात घोकलंही होतं. पण तोंड उघडायचं म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटायची. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं होतं: ती गेल्यापासून हे वाक्य त्यांनी कुणापुढंच उच्चारलं नव्हतं. लोकांना आपोआप कळलं. नागसेनला फोन मैत्रीनं केला. दवाखान्यात सही मागितली ती त्यांनी केली, बोलले नाहीत. पुण्यानुमोदनाला भंतेजींनी नाव घेतलं. दुसरी सगळी माणसं बोलली. भागीरथेला मागता येत नव्हतं, तसं त्यांना हे सांगता येत नव्हतं. ती निदान गात तरी होती.

*

“बाबा, या न!” मैत्रीची हाक आली. “शेंगा कोनी ठुल्या?”

ते ओट्यावर परत आले. मैत्रीनं मालकाच्या रकान्यात लिहून टाकलं होतं: नागनाथ पाझारे. ते नाव त्यांना कुणा परक्याचं वाटलं.

“आता खातं जोडाचं तेवढं राह्यलं,” ती म्हणाली. “बँकेनं केलं का आईचं खातं तुमच्या नावावर? आठ महिने होत आले.”

“सायबाची बदली झाली म्हणे.”

“मांगच्या खेपेलेई हेच म्हणले तुमी.”

“दुसऱ्या सायबाची झाली.”

मैत्रीनं त्यांच्याकडं पाहिलं. क्षणभर त्यांना वाटलं, आता विचारेल. पण तिला बसची काळजी होती, बदलीची होती, आणि बापावर अविश्वास धरायची तिला सवय नव्हती. “जाऊ द्या,” ती म्हणाली. “हे म्हणते, भाडं घेता त्या स्टिकरचा फोटो टाका. ते आपणच ओळखते खातं कोनाचं हाय ते. होऊन गेलं असन त तुमचंच नाव दाखवन.”

आणि ती उठून खांबाकडं गेलीसुद्धा. नागनाथराव ओट्यावर बसून बघत राहिले. थांब म्हणायला त्यांनी हातही वर केला होता. तिनं मोबाइल खांबासमोर धरला, परत आली, वालाच्या शेंगांची पिशवी मांडीवर घेऊन बसली आणि पडद्याकडं पाहत म्हणाली, “आईचंच येते अजून. किती ढिले असतेत हे बँकवाले! सोमवारी मी सोता जातो तिथं. रजा टाकतो एक दिवस. चांगली भांडतो.”

“भांडू नको,” नागनाथराव घाईनं म्हणाले.

“काऊन नाई? म्हाताऱ्या मानसाले चकरा मारायले लावतेत! कागद देऊन इतके दिवस…”

“भांडू नको म्हणलं न!”

आवाज त्यांचा त्यांनाच मोठा वाटला. मैत्री शेंगा निवडायला लागली. शेंगेचं टोक मोडायचा बारीक आवाज तेवढा होत राहिला. मोबाइलवर पिवळ्या चौकटीत काही लिहून आलं, तिनं वाचलं. खातेदाराचं नाव आणि मालकाचं नाव जुळत नाही. खात्याला जोडलेल्या क्रमांकावर आमचा प्रतिनिधी लगेच संपर्क करील.

“कोनत्या क्रमांकावर?” मैत्री स्वतःशीच म्हणाली. “आईचा फोन त बंद…”

तेवढ्यात नागनाथरावांच्या छातीशी घंटी वाजू लागली.

भागीरथेनं हौसेनं लावून घेतलेली, खोल्यांच्या शेवटच्या टोकापर्यंत ऐकू जाणारी घंटी. स्वेटरच्या आतून, शालीच्या आतून ती वाजत होती. तीन नंबरातून कुणीतरी डोकावलं. मैत्रीच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिनं बापाच्या छातीकडं पाहिलं, मग तोंडाकडं.

त्यांनी मोबाइल बाहेर काढला. पडद्यावर बोट टेकवलं.

“नमस्ते,” पलीकडून एक तरुण, उत्साही आवाज आला. “क्या मेरी बात भागीरथा जी से हो रही है?”

नागनाथरावांनी मोबाइल कानाला घट्ट धरला.

“हॅलो? भागीरथा जी?”

“वो…” ते म्हणाले.

तीस-पस्तीस वर्षं ते हिंदी बोलले होते. व्यापाऱ्यांशी, साहेबांशी, बदलून आलेल्या परमुलखातल्या माणसांशी. पण या वाक्यासाठी त्यांच्याजवळ हिंदी नव्हती. त्याच्यासाठी त्यांच्याजवळ कुठलीच भाषा नव्हती. होती ती एकच, भाकरी थापणाऱ्या बाईशी बोलायची.

“ती नाई,” ते म्हणाले.

“जी? घर पर नहीं हैं? कोई बात नहीं सर, कब तक आ जाएँगी? मैं बाद में फ़ोन कर लूँगी।”

कब तक आ जाएँगी. पोरगी किती सहज विचारत होती. आत्ताही एक हो म्हटलं असतं तरी भागलं असतं. शाम को, म्हटलं असतं. बाजारात गेली, म्हटलं असतं. आणि ती कुठंतरी बाजारात राहिली असती. पहिलीला परत टिंग झालं असतं, राहीबाई खांबाशी उभी राहून म्हणाली असती, आई, भरलं वं. त्यांनी समोर पाहिलं. सीताफळीच्या बुडाशी माती कोरडी ठक्क पडली होती. वैशाखापासून तिथं कुणी तांब्या ओतला नव्हता. ते रोज या ओट्यावर बसत होते आणि त्यांनाही ते दिसलं नव्हतं.

“ती येत नाई आता, पोरी,” ते म्हणाले.

“जी? सर, मैं समझी नहीं…”

मैत्रीनं मोबाइल घ्यायला हात पुढं केला. त्यांनी मानेनंच नको म्हटलं.

“ती गेली,” नागनाथराव म्हणाले. मग पलीकडच्या अनोळखी मुलीला नीट ऐकू जावं म्हणून मोठ्यानं, सातही दारांना ऐकू जाईल असं म्हणाले, “भागीरथा गेली. वैशाखात गेली.”

पलीकडून हळू आवाजात काहीतरी आलं, माफ कीजिए असं काही, आणि फोन बंद झाला. पडदा विझला. तीन नंबरचं दार कुणीतरी आवाज न करता लोटून घेतलं.

“बाबा,” मैत्री म्हणाली. तिचे डोळे भरले होते. “हा फोन तुमी…”

“बँकेत मी गेलोच नवतो. तुले खोटं सांगतलं. कोनताच सायब बदलला नाई.” त्यांनी शर्टाच्या खिशातून घडी पडून पडून मऊ झालेला दाखला काढला आणि तिच्या मांडीवर, शेंगांवर ठेवला. तो मोबाइल मात्र हातातच राहू दिला. “सोमवारी संगं चाल माह्या. आन आता ते तुहं पिवळं उघड. मालकाच्या नावाखालच्या ओळीत लिव, मराठीत.”

“काय लिवू?”

नागनाथरावांनी मफलर सोडला, आणि ज्या आवाजात ते जन्मभर रडणाऱ्या लोकांना धीर देत आले होते त्याच आवाजात, एकेक शब्द सुटा करून ते बोलले.

“लिव. भागीरथा नागनाथ पाझारे. फौत.”